शंका-समाधान : भरतीचे निकष आणि युद्धकाळातील गाळणी

प्रश्न : युद्ध लांबले की माणसे कमी पडतात आणि भरतीचे निकष सैल केले जातात. मग अपात्र माणसे आत येणारच. आणि त्यांना प्रशिक्षणात गाळायचे म्हटले, तर मनुष्यबळ पुन्हा घटणार. या पेचातून सैन्ये मार्ग कसा काढतात? एखादा रंगरूट अपात्र आहे, हे ठरवायचे तरी कशावरून?

उत्तर : आपला प्रश्न एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे पात्रता ही माणसाच्या अंगी असते किंवा नसते. प्रत्यक्षात भरतीचा निकष माणसाबद्दल जेवढे सांगतो, त्याहून अधिक तो सैन्याच्या त्या वेळच्या गरजेबद्दल सांगत असतो. १९१४च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांची एवढी रीघ लागली की त्यांना कपडे, बंदुका आणि निवारा पुरेना, तेव्हा पायदळासाठी उंचीची किमान मर्यादा ५ फूट ३ इंचांवरून ५ फूट ६ इंचांवर नेण्यात आली. काही आठवड्यांत ओघ आटला आणि मर्यादा पुन्हा खाली आली. ५ फूट ४ इंच उंचीचा जो तरुण ऑगस्टमध्ये सैनिक होऊ शकत होता, तो सप्टेंबरात ‘अपात्र’ होता आणि वर्ष संपण्यापूर्वी पुन्हा पात्र ठरला. मधल्या काळात त्याच्यात काहीही बदल झाला नव्हता.

याच मर्यादेखाली राहिलेल्या माणसांची कथा अधिक बोधक आहे. १९१४च्या अखेरीस इंग्लंडमधील बर्कनहेड येथे ५ फुटांपासून ५ फूट ३ इंचांपर्यंतच्या पुरुषांच्या खास पलटणी उभ्या राहू लागल्या. ‘बँटम’ या नावाने त्या ओळखल्या जात. पहिल्या भरतीतले अनेक जण खाणकामगार होते, म्हणजे उंचीने कमी पण छातीने भरदार आणि कष्टाला सरावलेले. ती फळी लढाईत झिजल्यावर तिच्या जागी पाठवण्यात आलेली मुलेही तेवढ्याच उंचीची होती, परंतु त्यांतली बरीचशी वाढ खुंटलेली आणि अशक्त होती. अखेर १९१६–१७च्या हिवाळ्यात या पलटणींच्या ३५व्या डिव्हिजनमध्ये नव्याने तपासणी करून अशा माणसांना मोठ्या संख्येने बाहेर काढावे लागले आणि ‘बँटम’ ही ओळखही मागे पडली. फूटपट्टीला दोन्ही खेपांतली माणसे सारखीच दिसली होती. मोजायला सोपी म्हणून उंची मोजली गेली. जे मोजायला हवे होते, ते ओझे घेऊन दोन दिवस चालल्यानंतरच कळणारे होते.

शरीराच्या बाबतीत ही गत, तर मनाच्या बाबतीत विचारायलाच नको. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने भरतीच्या दारातच मानसिक तपासणीची चाळणी लावली. कल्पना चांगली होती : जे पुढे खचतील, त्यांना आधीच ओळखून घरी ठेवावे. पण एका तपासनिसापुढे दिवसाकाठी एवढी माणसे येत की प्रत्येकाच्या वाट्याला बहुधा काही मिनिटेच येत, आणि तेवढ्या वेळात काही ठरावीक प्रश्नांपलीकडे जाणे शक्य नव्हते. या कारणावरून साडेसतरा लाखांच्या आसपास माणसे नाकारण्यात आली. एवढे करूनही मानसिक कारणांवरून सेवेतून मुक्त होणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या महायुद्धापेक्षा जास्तच राहिले. याउलट, आधी याच कारणासाठी नाकारलेल्या आणि नंतर काही ना काही निमित्ताने भरती झालेल्या सुमारे दोन हजार जणांच्या नोंदी युद्धानंतर तपासल्या, तेव्हा त्यांच्यातल्या जवळजवळ चार-पंचमांश माणसांनी समाधानकारक सेवा केल्याचे आढळले. उरलेल्यांच्या बाबतीत चाळणीचा अंदाज खरा ठरला, हेही सांगायला हवे. परंतु एक खरा ओळखण्यासाठी चार चुकीचे टाकून देणे युद्धकाळात कोणालाच परवडत नाही.

यातून निघालेला सर्वांत शहाणपणाचा मार्ग, माझ्या मते, ब्रिटनने १९४२मध्ये स्वीकारला. त्या वर्षीच्या जुलैपासून रंगरूट थेट एखाद्या पलटणीत न जाता जनरल सर्व्हिस कोअरमध्ये दाखल होऊ लागला. तेथे सहा आठवड्यांचे प्राथमिक शिक्षण, त्याच काळात बुद्धीच्या आणि हस्तकौशल्याच्या चाचण्या आणि मुलाखत, आणि त्यानंतर नेमणूक, असा क्रम ठरला. तोपर्यंत यंत्रे दुरुस्त करणारा हात खोदकामावर आणि हिशेब न जमणारा माणूस सिग्नलमध्ये (संदेशवहनात), असे प्रकार घडत होते. त्यांतले कित्येक ‘नालायक’ ठरत, ते केवळ चुकीच्या जागी बसवल्यामुळे. अधिकाऱ्यांच्या बाबतीतही असेच झाले. छोट्याशा मुलाखतीवर निवडलेले उमेदवार प्रशिक्षणातून मोठ्या संख्येने परत पाठवले जाऊ लागले, तेव्हा त्याच वर्षी निवड मंडळे सुरू झाली. गटाला नेता नेमून न देता एखादे काम सोपवायचे आणि कोण कसा वागतो ते पाहायचे, ही पद्धत तेथूनच रुळली. आपल्याकडील एसएसबीच्या, म्हणजे सैन्याधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मैदानी कसोट्या त्याच घराण्यातल्या आहेत.

म्हणून आपल्या पेचाचे उत्तर असे की प्रवेशाचे दार रुंद करता येते, पण दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली, कमी पडणाऱ्याला शिकवण्याची खरी सोय हवी. अमेरिकेने त्याच युद्धात निरक्षर रंगरूटांसाठी खास प्रशिक्षण तुकड्या काढल्या. काही आठवड्यांत चौथीच्या पातळीइतके वाचन शिकवून त्यांतल्या बहुसंख्यांना नेहमीच्या प्रशिक्षणात पाठवता आले. दुसरी, आघाडीवर पाठवण्यापूर्वीची शेवटची कसोटी सैल करू नये. या अटी सुटल्या की काय होते, हे १९६६ ते १९७१ या काळातल्या ‘प्रोजेक्ट १,००,०००’मध्ये दिसले. चाचणीत कमी गुण मिळालेल्या साडेतीन लाखांच्या आसपास तरुणांना अमेरिकेने सैन्यात घेतले. त्यांना पुढे आणण्याची भाषा मोठी होती, प्रत्यक्षातले जादा शिक्षण मात्र तोकडे पडले, आणि पुष्कळ जण व्हिएतनाममधल्या पायदळात गेले.

प्रश्न : रंगरूटांना सुरुवातीपासूनच कमालीचे कठोर वागवले, तर कमकुवत आपोआप गळतील, हे खरे का?

उत्तर : गळतील, पण कमकुवतच गळतील याची खात्री नाही. पहिल्या आठवड्यांतच चालणे, पळणे आणि ओझे एकदम वाढवले, की धडधाकट मुलांच्याही पायाच्या हाडांना तडे जातात. हाडाला नव्या भाराशी जुळवून घ्यायला स्नायूंपेक्षा अधिक वेळ लागतो. उष्माघाताचेही तसेच, त्यात बहुधा नेटाने पळत राहणारा सापडतो, थांबणारा वाचतो. १९५६मध्ये अमेरिकेच्या पॅरिस आयलंड या मरीन प्रशिक्षण तळावर एका प्रशिक्षकाने शिस्त लावण्यासाठी पलटण रात्री खाडीत उतरवली आणि सहा रंगरूट बुडाले. त्या रात्री कोणाची सैनिकी योग्यता तपासली गेली, असे कोणीही म्हणू शकणार नाही. ज्याला पोहता येत नाही, त्याला पोहायला शिकवायचे असते, आणि ठरलेल्या मुदतीत शिकला नाही, तर मागे ठेवून पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा संधी द्यायची असते. ही मागे ठेवण्याची सोय युद्धाच्या घाईत सर्वांत आधी बंद होते, असा अनुभव आहे.