वाचकांचे प्रश्न : जुन्या लॅपटॉपसाठी कोणते लिनक्स?

प्रश्न : विंडोज १० चे अद्ययावतीकरण ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. माझ्या लॅपटॉपची रॅम ४ जीबी आहे. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली वापरायची, तर सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : आपण ‘मिंट’ या लिनक्सच्या प्रकाराची ‘एक्सएफसीई’ ही हलकी, कमी रॅमवर चालणारी आवृत्ती घ्यावी. मिंटची ‘सिनॅमन’ आवृत्ती अधिक देखणी असली, तरी ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे दहा टॅब उघडताच तिची दमछाक होते. मिंट हे उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर बेतलेले असल्याने सुरक्षेची अद्यतने सुमारे पाच वर्षे मिळतात, आणि मेन्यू खाली डाव्या कोपऱ्यातच असल्याने विंडोजच्या सवयीचा हात अडखळत नाही. ‘आर्च’ या जाणकारांसाठीच्या लिनक्सच्या वाटेला मात्र इतक्यात जाऊ नये. आधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून वायफाय आणि आवाज तपासावा. हार्ड डिस्कला हात लावण्यापूर्वी फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी.