धंद्याचं पहिलं वर्ष आणि ‘नोकरीच बरी होती का?’

मार्चअखेर जवळ आली की सांगलीतल्या माझ्या समुपदेशन केंद्रात एक प्रश्न हमखास येतो. माणसं वेगवेगळी असतात. कुणी कुपवाड एमआयडीसीत गाळा घेतलेला असतो, कुणी मिरजेत लॅब टाकलेली असते, कुणी तासगावात बेदाण्याचं पॅकिंग सुरू केलेलं असतं, तर एखादीनं शाळेची नोकरी सोडून केटरिंग हातात घेतलेलं असतं. नोकरी सांभाळून जोडधंदा चालला होता तोवर सगळं झकास होतं. पूर्णवेळ उतरले आणि वर्षाच्या आत झोप उडाली. इकडचं तिकडचं बोलून झालं की तो प्रश्न येतोच, ‘मॅडम, नोकरीच बरी होती का हो?’

या प्रश्नाचं उत्तर मी कधीच ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देत नाही. का देत नाही, ते एका तरुणाच्या निमित्तानं सांगते. लिहायला त्याची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पस्तिशीतला हा माणूस. मेकॅनिकलचा डिप्लोमा, एका कंपनीत क्वालिटी विभागात बरीच वर्षं नोकरी. घरची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात, ती वडील बघतात. बायको मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये नर्स. यानं कर्ज काढून जुनं सीएनसी मशीन (संगणकावर चालणारं कटिंगचं यंत्र) घेतलं, कुपवाडला गाळा भाड्यानं घेतला आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून येणाऱ्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशीनिंग करून द्यायला लागला. बायकोच त्याला घेऊन आली होती.

‘मला काही झालेलं नाही, मॅडम. हिलाच वाटतंय.’

‘झोप लागते का?’

‘लागते की. दोन-अडीचला जाग येते.’

‘मग काय करता?’

‘मोबाईलवर बँकेचं ॲप उघडतो.’

‘रात्री अडीचला कुणी पैसे भरतं का?’

‘नाही. बुडालो का अजून वर आहे, तेवढं बघतो.’

त्या दिवशी त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला महत्त्वाची वाटली. जुन्या कंपनीत सात तारखेला पगार व्हायचा. आता सात तारीख आली की सकाळपासून छातीत धडधडतं. बायकोच्या फोनवर पगाराचा मेसेज येतो, याचा फोन गप्प. त्या दिवशी तो रात्री अकराशिवाय घरी जात नाही. रविवारीही गाळ्यावर जातो. काम असतं म्हणून नाही, घरी बसलं की गुन्हा केल्यासारखं वाटतं म्हणून.

पगार पोट भरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पगार आणखी एक काम करतो, ते आपल्या लक्षात येत नाही. महिन्यात तुमचं काम कसंही झालेलं असो, साहेबांची बोलणी खाल्लेली असोत, सात तारखेला बँकेतून एक ओळ येते आणि ती सांगते की तुमचं ठीक चाललं आहे. वर्षानुवर्षं हे प्रमाणपत्र दरमहा मिळत गेलेलं असतं. धंद्यात ते एका दिवसात बंद होतं. मग माणूस ते प्रमाणपत्र मिळेल तिथून गोळा करायला लागतो. ऑर्डर आली की मी हुशार. पार्टीनं फोन उचलला नाही की मी बिनकामाचा. एक लॉट रिजेक्ट झाला की बायको-पोरांना उघड्यावर आणलं. दिवसातून दहा वेळा स्वतःचा निकाल लावून कुणाला झोप लागेल?

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारातून झाली आहे. घटना माणसाला जेवढी पिळत नाही, तेवढा आपण तिला चिकटवलेला अर्थ पिळतो, हा त्या विचाराचा गाभा. ‘या तिमाहीत नफा झाला नाही’ ही घटना. ‘म्हणून मी नालायक’ हा आपण चिकटवलेला अर्थ. या दोन वाक्यांमधला सांधा सोडवणं हेच माझं काम. आणि तो नुसत्या धीर देण्यानं सुटत नाही, हे मी आता खात्रीनं सांगू शकते. ‘होईल सगळं चांगलं’ हे त्याला सासऱ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं.

पुढच्या भेटीत मी त्याला विचारलं, ‘स्वतःला पगार किती देता?’

‘पगार? मालकाला कसला पगार?’

‘मग घर कशावर चालतं?’

तो गप्प बसला. घर बायकोच्या पगारावर चालत होतं आणि त्या बोलण्यापाशी तो कुणालाच येऊ देत नव्हता. घरचं आणि धंद्याचं खातं एकच, त्यामुळं किती आले, किती गेले, याचा अंदाज लागायचा नाही. लागत होती ती फक्त भीती. आम्ही कागद घेतला. महिन्याचं सरासरी बिलिंग २ लाख ३० हजार. हप्ता ६२ हजार, गाळ्याचं भाडं २२, दोन ऑपरेटर ४०, वीज २८, इन्सर्ट-कूलंट-टूल ३४, वाहतूक आणि किरकोळ १८, हिशेबनीस ६. बेरीज २ लाख १० हजार. उरले २० हजार. जुना पगार ४२ हजार.

‘म्हणजे महिन्याला २२ हजार कमी पडतात,’ मी म्हणाले.

‘एवढेच?’

आकडा चांगला नव्हता. वर्षभर राबून माणसाला स्वतःची निम्मीही मजुरी सुटत नव्हती. तरीही त्याचे खांदे खाली आले. ‘बरबाद झालोय’ याला काठ नसतो. ‘२२ हजार कमी पडतात’ याला असतो, आणि काठ असलेल्या गोष्टीशी माणूस झुंजू शकतो. हप्त्याच्या ६२ हजारांतली मुद्दलही कुठं वाहून जात नव्हती, तेवढं मशीन त्याचं होत चाललं होतं. मग खात्यात खडखडाट का? तर पार्ट्या नव्वद दिवसांनी पैसे देत होत्या. सात लाखांच्या आसपास रक्कम बाहेर अडकलेली, आणि जीएसटी मात्र बिल केलं की पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. कागदावरची कमाई आणि हातातली रोकड या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येकाला अंगावर घेऊनच शिकावं लागतं.

एवढं होऊनही तो एका वाक्यावर अडून बसला. ‘पण मॅडम, वर्ष गेलं. हातात काय आलं? शून्य.’

मी उत्तर दिलं नाही. त्याच्या घरच्या बागेविषयी विचारलं. नवा प्लॉट कधी लावला होता का?

‘लावलाय की. मी बारावीत असताना.’

‘पहिल्या वर्षी किती द्राक्षं निघाली?’

तो हसला, शहरातल्या माणसाला हसतात तसा. ‘पहिल्या वर्षी माल धरत नसतात. आधी खुंट लावायचा, मग कलम करायचं. चुकून घड दिसला तर वडील तोडून टाकायचे. झाडाचा सांगाडा व्हायला पाहिजे ना आधी.’

‘मग वर्ष संपताना बाग चांगली का वाईट, हे वडील कशावरनं ठरवायचे?’

‘खोड बघायचं. ओलांडा, म्हणजे तारेवरची आडवी फांदी, सरळ भरलाय का बघायचं. काडी किती जाड झालीय, पेऱ्यातलं अंतर किती, डोळे कसे आहेत…’

बोलता बोलता तो थांबला. खोलीतल्या घड्याळाचा आवाज ऐकू येईल इतका वेळ. अशा वेळी समुपदेशकाला बोलायचा फार मोह होतो, आलेलं सगळं उलगडून दाखवावंसं वाटतं. तिथं गप्प राहता येणं ही मी माझ्या इतक्या वर्षांच्या कामाची कमाई मानते. मी गप्प राहिले.

‘म्हणजे मी पहिल्या वर्षीच घड मोजत बसलोय,’ तो म्हणाला.

हे वाक्य त्याचं त्याला सापडलं, म्हणून ते टिकलं. मी सांगितलं असतं तर ‘बागेचं वेगळं, धंद्याचं वेगळं’ म्हणून त्यानं ते झटकून टाकलं असतं.

मग त्यालाच विचारलं, तुमच्या धंद्याचा ओलांडा कोणता? विचार करून त्यानं सांगितलं की तीन पार्ट्या आता न बोलावता काम पाठवतात. सुरुवातीला लॉटमागं लॉट परत यायचे, आता क्वचित येतो. एक ऑपरेटर इतका तयार झाला आहे की सेटिंग एकटा करतो. हे सगळं वर्षभर समोर होतं, पण बँकेच्या ॲपमध्ये दिसत नव्हतं. आणि त्याच नजरेनं बघताना एक वाकडी वाढही दिसली. निम्म्याहून जास्त काम एकाच पार्टीचं होतं. ते काम थांबलं तर हप्ता थांबणार. खरी काळजी करायची ती ही होती, आणि तिचा त्यानं इतके दिवस विचारच केला नव्हता. लाज माणसाची नजर स्वतःवर खिळवून ठेवते, धंद्याकडं वळू देत नाही.

पैसे मागण्याचंही तसंच. मी म्हटलं, ‘मी तुमची पार्टी. नव्वद दिवस झालेत. मागा माझ्याकडं.’

‘साहेब… ते जमलं तर जरा बघा की… गडबड नाही.’

केलेल्या कामाचे पैसे तो उसने मागावेत तसे मागत होता. आपण कमी आहोत असं आतून ठरलं की स्वतःच्या हक्काचं बिलही भीक वाटायला लागतं. आम्ही तेच वाक्य पुनःपुन्हा बोलून पाहिलं, तो नुसती तारीख, बिल नंबर आणि रक्कम सांगेपर्यंत. ‘गडबड नाही’ हे शब्द काढून टाकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मोठ्या पार्टीला त्यानं पुढच्याच आठवड्यात फोन केला. काम गेलं नाही. सगळे पैसे आले नाहीत, काही आले.

इथं एक व्यवहाराची माहिती सांगते, कारण ती असली की मागताना आवाज कापत नाही. केंद्र सरकारकडं उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याचं संरक्षण आहे. लेखी करार असेल तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपलीकडं नेता येत नाही, करार नसेल तर ती १५ दिवसांची. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आहे, की मुदत टळलेल्या अशा बिलाचा खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजावटीत धरता येतो. ट्रेडिंग करणाऱ्यांना हे लागू नाही, उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे. या तरुणानं उद्यम नोंदणी कर्जासाठी केली होती, पण तो नंबर बिलावर कधी छापलाच नव्हता. आता छापतो.

दोन खाती वेगळी केली. धंद्याच्या खात्यातून दरमहा ठरलेली रक्कम घरच्या खात्यात जाते, तूर्त १५ हजार. रक्कम लहान आहे, पण ती मालकाची मजुरी म्हणून जाते, उरलंसुरलं म्हणून नाही. मी हे जवळजवळ प्रत्येकाला करायला लावते. स्वतःची मजुरी न धरता ‘धंदा नफ्यात आहे’ म्हणणारे स्वतःला फसवत असतात, आणि ‘काहीच सुटत नाही’ म्हणणारेही तितकेच अंधारात असतात.

बायकोला मी एका भेटीत मुद्दाम बोलावलं. इतके महिने तिला त्यानं एकही आकडा सांगितला नव्हता, तिला ताण नको म्हणून. ती म्हणाली, ‘मला कर्जाची भीती नव्हती वाटत. तुम्ही जेवताना बोलत नव्हता, त्याची वाटायची.’ आता रविवारी सकाळी दोघं तासभर वही घेऊन बसतात, आणि त्या तासानंतर आठवडाभर घरात पैशाचा विषय काढायचा नाही असं ठरलं आहे. रविवारी गाळा बंद. नातेवाइकांच्या ‘काय मालक, किती सुटतात?’ या प्रश्नावर उत्तर द्यायलाच हवं असं नाही, हेही त्याला पटायला वेळ लागला.

दोघांनी आणखी एक गोष्ट कागदावर लिहिली, आणि माझ्या मते ती सगळ्यात धाडसाची होती. पुढच्या मार्चअखेरपर्यंत त्याची मजुरी ३० हजारांवर गेली नाही, किंवा हप्त्यासाठी दागिने मोडायची वेळ आली, तर मशीन विकून कर्ज फेडायचं आणि नोकरी बघायची. ही रेघ शांत डोक्यानं आधी मारून ठेवावी लागते. अडचणीत बुडालेला माणूस ती मारूच शकत नाही, तो ‘अजून एक महिना’ म्हणत सावकारापर्यंत जातो. माझ्याकडं आलेल्यांपैकी काहींनी ठरलेल्या रेघेवर थांबून नोकरी पुन्हा धरली. त्यांतले एक गृहस्थ आज मोठ्या कंपनीत खरेदी विभाग सांभाळतात आणि लहान पुरवठादारांची बिलं वेळेवर काढण्याबद्दल त्यांचं नाव आहे. त्यांचं धंद्याचं वर्ष वाया गेलं, असं मी म्हणणार नाही.

हा तरुण अजून रेघेच्या अलीकडं आहे. नवी पार्टी मिळवली आहे, मोठ्या पार्टीचा वाटा थोडा खाली आला आहे. मध्यरात्री जाग अजून कधीकधी येते.

काही जणांची गोष्ट मात्र वहीनं आणि बोलण्यानं सुटणारी नसते. आठवड्यामागून आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, दारू वाढत चालली आहे, ‘मी नसलो तर विम्याचे पैसे तरी येतील’ असं बोलणं तोंडून निघतं आहे, असं दिसलं तर ताळेबंदाची वाट बघू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडं घेऊन जा. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.