पक्ष्यांचं पुस्तक घेतलंय, पण समोरचा पक्षी त्यात सापडतच नाही. ओळखायला शिकायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला गच्चीवरून दिसणारे पक्षी ओळखायचे म्हणून जाडजूड फील्ड गाइड घेतलं, आणि पानं उलटेपर्यंत पक्षी भुर्रकन उडून जातो. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. चूक तुमची नाही आणि पुस्तकाचीही नाही. भारतीय उपखंडाच्या पुस्तकात तेराशेच्या आसपास पक्षी असतात. त्यातले निम्म्याहून अधिक हिमालयातले, ईशान्येकडचे नाहीतर अंदमानातले. ते नाशिकच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत.

म्हणून आधी घरी बसून एक काम करा. प्रत्येक पक्ष्यासोबत छोटा नकाशा असतो. त्यात आपल्या भागावर रंग असेल तरच पेन्सिलने टिक करा. वर्षभर दिसणारा आणि फक्त हिवाळ्यात येणारा, यांचे रंग वेगळे असतात, तेही बघा. मी एका पावसाळ्यात दोन रविवार घालवून हे केलं आणि पुस्तक एकदम अर्ध्यावर आलं. फक्त हिवाळ्यात येणारा पांढरा धोबी जूनमध्ये दिसल्यासारखा वाटला, तर तो बहुधा पांढऱ्या भुवईचा धोबी, म्हणजे इथलाच बारमाही रहिवासी. अशा गोष्टी मग आपोआप कळायला लागतात.

दुसरं, पक्षी समोर असताना पुस्तक उघडायचंच नाही. तो आहे तोवर त्याच्याकडेच बघा आणि वहीत खरडा. पक्षितज्ज्ञ सालीम अलींनी मापाला चिमणी, बुलबुल, मैना, कावळा असे पक्षीच घेतले होते. त्याहून सोपी फूटपट्टी मला अजून मिळालेली नाही. 'बुलबुलपेक्षा मोठा, मैनेपेक्षा लहान' एवढं लिहिलंत तरी शेकडो पक्षी बाद होतात. मग चोच, शेपटी, बसायची ढब. रंग अगदी शेवटी. नवखा माणूस रंगापासून सुरू करतो आणि तिथेच फसतो, कारण उन्हात हिरवा दिसणारा पक्षी सावलीत राखी दिसतो.

शिंपी आणि राखी वटवट्या घ्या. दोघेही चिमणीहून लहान, शेपटी वर करून झुडपात तुरुतुरु फिरणारे. मी कित्येक महिने दोघांना एकच समजत होतो. नंतर लक्षात आलं की शिंप्याचा माथा तांबूस आणि पाठ हिरवट असते, तर वटवट्या वरून करडा असतो. आणि वटवट्या उडताना चुटक्या वाजवल्यासारखा कटकट आवाज येतो. तो एकदा ऐकला की मग डोळ्यांची गरज उरत नाही.

माझी सगळ्यात मोठी फजिती मे महिन्यातली. कॉलनीतल्या आंब्यावर करडा, छातीला तांबूस, पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीचा पक्षी येऊन बसला. मी वहीत 'शिक्रा', म्हणजे छोटा शिकारी पक्षी, असं लिहिलं आणि शेजारच्या काकांना ठसक्यात सांगितलंही. तेवढ्यात त्याने तोंड उघडलं, 'पेरते व्हा, पेरते व्हा!' काकांचं सगळं आयुष्य दिंडोरीकडे शेतीत गेलेलं, पक्ष्यांचं पुस्तक त्यांनी कधी हातात धरलेलं नाही. म्हणाले, "अहो, हा तर पावशा!" शिक्र्याची चोच आकड्यासारखी वळलेली असते, पावशाची तशी नसते. मी चोचीकडे बघितलंच नव्हतं.

आणखी एक खोडा म्हणजे नर-मादी आणि ऋतू. जांभळा शिंजीर विणीच्या काळात निळा-जांभळा चमकतो. एरवी तोच नर मादीसारखा मळकट पिवळा होतो, फक्त गळ्याखाली काळी रेघ उरते. मी ते दोन वेगळे पक्षी म्हणून नोंदवले होते. चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं सगळं, पण आपण फक्त देखणा नर बघून पान उलटतो.

पक्षी ओळखून देणारं मर्लिनसारखं ॲप वापरायला हरकत नाही, विशेषतः आवाजांसाठी. पण ॲपने सांगितलेलं नाव लक्षात राहत नाही. स्वतः चुकून, खोडून लिहिलेलं राहतं.

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात लगेच पळू नका. तिथला चमचा, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी हे पुस्तकाशिवायही पाठ होतात. पण हिवाळ्यात लांब पाण्यावर तरंगणाऱ्या बदकांच्या सगळ्या तपकिरी माद्या बघून भलेभले हात टेकतात. आधी गच्चीवरचे वीस पक्षी पक्के करा. साळुंकी उडताना पंखांत पांढरा डाग दिसतो, बुलबुल पाठ फिरवून उडाला की शेपटीच्या मुळाशी पांढरं दिसतं. इतकं पक्कं झालं की एकविसावा पक्षी आपणहून वेगळा दिसतो.

आता तुमचा तो उंबरावरचा पक्षी. कावळ्याएवढा पण सडपातळ, तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, डोळे लाल, आणि तुम्हाला वाटतंय ससाणा. ससाणा उंबराची फळं खाईल कशाला? ती कोकिळा आहे, मादी. कुहू कुहू करतो तो काळा नर. ही उडताना घाईघाईने 'किक् किक् किक्' असं किंचाळते. उद्या सकाळी कान देऊन बघा.