'साखळी फेरी', 'गट फेरी' की 'गटसाखळी'?

प्रश्न असा आहे : फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेतील पहिल्या टप्प्याला मराठीत कुठे 'साखळी फेरी', कुठे 'गट फेरी', कुठे 'गटसाखळी', तर कुठे 'प्राथमिक फेरी' म्हटलेले आढळते, यांपैकी नेमका शब्द कोणता? प्रश्नकर्त्यांनी एक शंकाही जोडली आहे. साखळीतली कडी फक्त शेजारच्या दोन कड्यांत अडकलेली असते. गटातला संघ मात्र उरलेल्या प्रत्येक संघाशी खेळतो. मग 'साखळी' हा शब्द मुळातच चुकीचा ठरत नाही का?

माझे मत आधी सांगतो आणि कारणे मागून देतो. आजच्या विश्वचषकाच्या पहिल्या टप्प्यासाठी 'गटसाखळी' हा सर्वांत नेमका शब्द आहे आणि तो समास असल्यामुळे जोडून लिहावा. 'साखळी फेरी' रूढ आहे, तिला चूक म्हणता येणार नाही. 'गट फेरी' समजते, पण तिच्यात खेळण्याची पद्धत सांगितली जात नाही. 'प्राथमिक फेरी' मात्र टाळावी. तिच्यामुळे विश्वचषकाच्या आधी खंडाखंडांत होणाऱ्या पात्रता फेरीशी घोटाळा होतो, आणि मुख्य स्पर्धेत दाखल झालेल्या संघाला 'प्राथमिक' अवस्थेतला म्हणणे अर्थदृष्ट्याही पटत नाही.

आता शंकेकडे वळू. 'साखळी' हा शब्द संस्कृत 'शृंखला'पासून प्राकृतातून आपल्याकडे आला. हिंदी वर्तमानपत्रांत हीच 'शृंखला' दोन देशांमधील क्रिकेटच्या कसोट्यांसाठी वापरतात, तर आपण त्यासाठी 'मालिका' वापरतो आणि साखळीला वेगळे काम देतो. एकाच मुळाच्या शब्दाने शेजारच्या दोन भाषांत खेळाच्या दोन निराळ्या रचना उचलाव्यात, हे मला फार लक्षणीय वाटते. मराठीत साखळीचा लाक्षणिक अर्थ बराच पसरलेला आहे. 'साखळी उपोषणा'त आज काही जण बसतात, उद्या दुसरे बसतात. एकही माणूस अखेरपर्यंत उपाशी नसतो, तरी उपोषण अखंड चालू असते. 'साखळी बॉम्बस्फोटां'त स्फोटांची ठिकाणे वेगवेगळी असतात, पण कट एक असतो. 'अन्नसाखळी'त एका जिवाची संख्या घटली की त्याचा परिणाम दूरच्या जिवापर्यंत पोहोचतो. या सर्व प्रयोगांत कोणती कडी कोणत्या कडीला चिकटलेली आहे याला महत्त्व नाही. सुट्या वाटणाऱ्या गोष्टी एकात एक गुंतलेल्या आहेत आणि एकीचा ताण दुसरीवर येतो, हा त्यांतला समान अर्थ आहे. प्रश्नकर्त्यांनी साखळीचा आकार पाहिला. मराठीने या शब्दातून साखळीचा गुण उचलला आहे.

हा गुण फुटबॉलच्या बाबतीत किती चपखल लागू पडतो, हे पाहण्यासाठी साखळी नसलेली स्पर्धा आधी आठवावी. १९३४ साली इटलीत झालेला विश्वचषक पहिल्या सामन्यापासून बाद पद्धतीने खेळवला गेला. ब्राझील आणि अर्जेंटिना हे संघ अटलांटिक ओलांडून तेथे गेले, ब्राझील स्पेनकडून १-३ असा हरला, अर्जेंटिना स्वीडनकडून २-३ असा हरला, आणि दोघांचीही स्पर्धा एकेका सामन्यातच संपली. बाद पद्धतीत प्रत्येक सामना स्वतःपुरता पूर्ण असतो आणि त्याचा निकाल लावण्यासाठी दुसऱ्या मैदानाकडे पाहावे लागत नाही. गटातल्या सामन्याचे तसे नसते. चार संघांच्या गटात सहा सामने होतात आणि एका सामन्याचे मोल उरलेल्या पाच सामन्यांवर ठरते.

याचे सर्वांत बोलके आणि तितकेच खेदजनक उदाहरण १९८२ च्या स्पेनमधील विश्वचषकाचे आहे. अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवून खळबळ उडवली होती. पुढे तो ऑस्ट्रियाकडून ०-२ असा हरला, पण चिलीवर ३-२ असा विजय मिळवून त्याने आपले तिन्ही सामने संपवले. गटातला शेवटचा सामना पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्यात दुसऱ्या दिवशी, म्हणजे २५ जून रोजी हिहोन या शहरात होता. अल्जीरियाचा हिशेब पुरा झालेला असल्यामुळे मैदानावर उतरण्यापूर्वीच दोन्ही संघांना ठाऊक होते, की जर्मनी एक किंवा दोन गोलांच्या फरकाने जिंकला तर दोघेही पुढे जातील. दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या ह्रुबेशने गोल केला आणि त्यानंतर उरलेला सगळा वेळ चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात गेला. सामना १-० असा संपला. अल्जीरिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया या तिघांचे गुण समान होते, पण गोलफरकावर अल्जीरिया बाहेर पडला. ज्या सामन्यात तो खेळतच नव्हता, त्या सामन्याने त्याला घरी पाठवले. पुढच्या म्हणजे १९८६ च्या विश्वचषकापासून प्रत्येक गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू करण्याचा नियम पाळला जाऊ लागला, तो याच कारणाने. दोन मैदानांवरची घड्याळे एकमेकांना बांधण्याची गरज पडते, याहून साखळीचा आणखी कोणता पुरावा हवा? २०१८ मध्ये जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक, केलेले गोल आणि परस्परांतला निकाल असे सगळेच बरोबरीत राहिले. जपानला पिवळी कार्डे कमी मिळालेली असल्यामुळे तो पुढे गेला. पोलंडविरुद्ध ०-१ असे पिछाडीवर असताना जपानी खेळाडू अखेरची मिनिटे संथपणे चेंडू फिरवत राहिले, कारण त्यांचे भवितव्य सेनेगल-कोलंबिया सामन्यात ठरत होते.

साखळी म्हणजे 'प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत' अशी व्याख्या काही ठिकाणी दिलेली आढळते. सामान्यतः ती बरोबर आहे, परंतु ती साखळीची अट मानू नये. १९५४ च्या स्वित्झर्लंडमधील विश्वचषकात चार-चार संघांचे गट होते, मात्र प्रत्येक गटातले दोन मानांकित संघ एकमेकांशी खेळत नसत; ते फक्त दोन बिगरमानांकितांशी खेळत. त्यामुळे गटात सहाऐवजी चारच सामने होत. पश्चिम जर्मनी याच गटसाखळीत हंगेरीकडून ३-८ असा हरला, तुर्कस्तानशी गुणांची बरोबरी झाल्याने जादा सामना खेळला, आणि शेवटी त्याच हंगेरीला अंतिम सामन्यात ३-२ असे हरवून विजेता ठरला. युरोपातील चॅम्पियन्स लीगने तर २०२४-२५ च्या हंगामापासून गटच काढून टाकले. आता ३६ संघांचा एकच गुणतक्ता असतो आणि प्रत्येक संघ त्यांपैकी आठ प्रतिस्पर्ध्यांशीच खेळतो. या रचनेला 'साखळी फेरी' म्हणणे योग्य आहे, कारण गुणांची गुंतागुंत कायम आहे. 'गटसाखळी' म्हणणे मात्र सरळ चूक ठरेल, कारण तेथे गटच उरलेले नाहीत. दोन शब्दांतला हा भेद पूर्वी फारसा जाणवत नसे. आता तो पाळला नाही तर वाचकाची दिशाभूल होते.

यावरून 'गट' हे पूर्वपद कशासाठी हवे तेही लक्षात येईल. 'गटसाखळी' म्हणजे गटातली साखळी, हा सप्तमी तत्पुरुष. साखळी गटाबाहेरही असू शकते, आणि १९५० साली ब्राझीलमध्ये ती तशी होतीच. त्या वर्षी पहिल्या टप्प्यात गट होते, आणि चार गटविजेत्यांची म्हणजे ब्राझील, उरुग्वे, स्वीडन आणि स्पेन यांची पुन्हा एक साखळी खेळवून त्यातून विजेता ठरवला गेला. १६ जुलै रोजी माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले, त्या लढतीला मराठीत सर्रास '१९५० चा अंतिम सामना' म्हणतात. तो अंतिम साखळीतला शेवटचा सामना होता; ब्राझीलला बरोबरीही पुरली असती. 'अंतिम सामना' असे लिहिले की ही बरोबरीची मुभा वाचकाच्या नजरेतून निसटते, आणि त्या दिवशी ब्राझीलवर कोसळलेल्या दुःखाचे एक कारणच हरवते. येथे मी आग्रहाने 'अंतिम साखळी' लिहावे असे म्हणेन.

'गट' या शब्दाबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. आपल्या खेळांच्या भाषेत गट म्हणजे वर्गही असतो. कबड्डी-खोखोत 'किशोर गट' आणि 'कुमार गट' वयावरून पडतात आणि कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये 'वरिष्ठ गट' संघांच्या श्रेणीवरून ठरतो. त्यामुळे 'वरिष्ठ गट साखळी स्पर्धा' असे वाचताना 'वरिष्ठ गट' हे एक पद आणि 'साखळी स्पर्धा' हे दुसरे पद असा विग्रह करावा लागतो. तेथे 'गटसाखळी' हा समास नसतो. म्हणूनच विश्वचषकाच्या संदर्भात 'गटसाखळी' जोडून लिहिण्याला अर्थदृष्ट्याही महत्त्व आहे.

'फेरी'चा प्रश्न त्यामानाने लहान आहे. बुद्धिबळात फेरी म्हणजे सर्वांचा एकेक डाव. फुटबॉलमध्ये संपूर्ण टप्प्यालाच फेरी म्हटल्यामुळे गटातल्या प्रत्येक संघाच्या दुसऱ्या सामन्याविषयी लिहिताना 'साखळी फेरीची दुसरी फेरी' असे अवघडलेले वाक्य तयार होते. 'गटसाखळीची दुसरी फेरी' असे लिहिले की अडचण आपोआप सुटते. 'गट टप्पा' हा पर्याय काही जण सुचवतात, पण तो मराठी माणसाच्या तोंडात बसलेला नाही आणि बसवण्याची गरजही मला दिसत नाही.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. डिचोली तालुक्यात साखळी नावाचे गावच आहे. तेथील मराठी बातमीत 'साखळीतील सामना' असे आले तर तो गावातला सामना की स्पर्धेतला, हे संदर्भाशिवाय कळत नाही. 'गटसाखळीतील सामना' म्हटले की हा संशय राहत नाही.

साखळीचे जोडपद 'बाद फेरी'. बाद म्हणजे हिशेबातून काढलेला : मत बाद होते, फलंदाज बाद होतो. हा शब्द उत्तम आहे, पण ज्या मुलांच्या कानावर हिंदी अधिक पडते त्यांना 'बाद फेरी' म्हणजे 'नंतरची फेरी' वाटण्याचा संभव आहे आणि ती खरोखरच नंतर येत असल्यामुळे हा गैरसमज उघडही पडत नाही. शिकवणाऱ्यांनी तो मुद्दाम दूर करावा. 'जर्मनी साखळीतच बाद' असे मथळे २०१८ आणि २०२२ या दोन्ही वर्षी लिहिण्याची वेळ आली. पद्धतीच्या काटेकोर अर्थाने साखळीत कोणी 'बाद' होत नाही, म्हणून मी स्वतः 'साखळीतच गारद' किंवा 'साखळीतच आव्हान संपुष्टात' असे लिहितो. तरीही 'बाद'चा सामान्य अर्थ पाहता त्या मथळ्यांना चूक म्हणवत नाही.

आता २०२६ च्या स्पर्धेने उभ्या केलेल्या एका खऱ्या अडचणीविषयी. १९९८ पासून २०२२ पर्यंत ३२ संघ आणि आठ गट होते. आपण त्यांना अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह अशी नावे देत आलो. ही आपल्या वर्णमालेची क्रमवारी नाही. रोमन अक्षरांच्या जागी आपण जवळचे देवनागरी अक्षर ठेवले आणि 'सी'साठी 'क' घेतला. सरकारी नोकऱ्यांतील 'गट-क' आणि 'गट-ड' याच रीतीचे आहेत. २०२६ मध्ये संघ ४८ आणि गट १२ झाले, म्हणजे आय, जे, के आणि एल या चार अक्षरांची भर पडली. 'के'ला 'क' म्हणावे तर तो आधीच 'सी'ने घेतलेला आहे. 'आय'ला 'इ' म्हणावे तर ते 'ई'ने घेतलेले आहे. ५ डिसेंबर २०२५ रोजी झालेल्या सोडतीत ब्राझील सी गटात आणि पोर्तुगाल के गटात आला, जर्मनी ई गटात आणि फ्रान्स आय गटात. नुसते 'क गट' लिहिले तर वाचकाने ब्राझील समजावे की पोर्तुगाल? १९८२ पर्यंत विश्वचषकाच्या पहिल्या फेरीतल्या गटांना आकडे असत, अक्षरे १९८६ पासून आली. पण आपण एकट्यानेच आकड्यांकडे परतलो तर दूरचित्रवाणीवरील गुणतक्त्याशी आपली बातमी जुळणार नाही. म्हणून या स्पर्धेपुरते बाराही गटांना 'ए गट', 'बी गट', 'सी गट' असे 'एल गटा'पर्यंत अक्षरांच्या उच्चारानुसारच लिहावे, आणि निम्मे गट 'अ, ब, क' तर निम्मे 'जे, के, एल' अशी सरमिसळ एकाच मजकुरात करू नये.