ब्राउझर बदलावा काय?

प्रश्न : कोल्हापुरी चपलांचे भाव एकदाच शोधले, तेव्हापासून जिकडेतिकडे चपलांच्याच जाहिराती दिसतात. इन्कॉग्निटोही (ब्राउझरची खासगी खिडकी) वापरून पाहिले. ब्राउझर बदलावा काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अवश्य बदलावा. जाहिरात कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली थर्ड-पार्टी कुकी (ओळख पटवणारी छोटी नोंद, उघडलेल्या संकेतस्थळाची नव्हे, तर तिऱ्हाइताची), त्या कंपनीच्या जाहिराती असलेल्या प्रत्येक संकेतस्थळावर आपल्याला ओळखते. अ‍ॅपलचा सफारी ब्राउझर २०२० पासून अशा कुकीज आपणहून अडवतो, तर संगणकावरील फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज जणू वेगळ्या डब्यात बंद ठेवतो. क्रोम सोयीचा खरा, परंतु गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचेच आहे. इन्कॉग्निटोमुळे केवळ आपल्या यंत्रावर इतिहास उरत नाही (घरच्यांपासून वाढदिवसाची भेट लपवण्यापुरते ते ठीक). इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आपण कोणती संकेतस्थळे उघडली हे कळू शकते. अँड्रॉइड फोन असल्यास फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे पूरक साधन जोडून घ्यावे.