पेशींचा संकर की पेशींचे संमीलन?

विचारणा अशी आहे : ‘उंदराच्या प्लीहेतील पेशी आणि मायलोमा पेशी यांचा संकर घडवून प्रतिपिंडे मिळवतात’ या वाक्यात ‘संकर’ योग्य आहे, की तेथे ‘संमीलन’ हवे? (मायलोमा पेशी म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगातील पेशी; प्रतिपिंडे म्हणजे रोगजंतूंना ओळखून चिकटणारी शरीरातील प्रथिने.)

माझ्या मते तेथे ‘संमीलन’च हवे, कारण ‘संकर’ हे त्या क्रियेचे नव्हे, तर तिच्यातून कधी कधी हाती येणाऱ्या फळाचे नाव आहे. शेतीत किंवा पशुपालनात आपण संकर म्हणतो तेव्हा परागण, वळू, बियाणे असे सारे प्रजनन गृहीत धरलेले असते (खेड्यापाड्यांत तर नुसते ‘हायब्रीड’ म्हटले की ज्वारीच समजली जाई). प्रयोगशाळेत जोडल्या जाणाऱ्या या पेशी प्रजननपेशी नसतात. सेंदाई नावाचा विषाणू किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे रसायन वापरून त्यांची पटले (पेशींची बाह्य आवरणे) एकमेकांत मिसळवली जातात, आणि आधी एक होतात ती पटले व पेशीद्रव्ये, केंद्रके नव्हेत.

१९६५ साली ऑक्सफर्डमध्ये हेन्री हॅरिस आणि जॉन वॉटकिन्स यांनी अतिनील किरणांनी निष्प्रभ केलेल्या सेंदाई विषाणूच्या साहाय्याने मानवी हीला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगपेशी) आणि उंदराच्या अर्बुदपेशी (गाठीतील पेशी) जोडल्या, तेव्हा एकाच पेशीद्रव्यात माणसाचे आणि उंदराचे केंद्रक शेजारी शेजारी नांदताना दिसले. अशा पेशीला ‘भिन्नकेंद्रकी’ म्हणावे. पुढे विभाजनाच्या वेळी दोन्हीकडची गुणसूत्रे एकाच केंद्रकात आली आणि ती पेशी वाढत राहिली, तरच तिला ‘संकर-पेशी’ म्हणणे रास्त ठरते. आपल्या अलंकारशास्त्रात हा भेद पूर्वीच केलेला आहे : तीळ-तांदळाप्रमाणे वेगळे ओळखू येणारे अलंकार एकत्र आले की ‘संसृष्टी’ आणि दूध-पाण्यासारखे मिसळून गेले की ‘संकर’. अर्थात संकर-पेशीतले मिश्रण दूध-पाण्याइतके पक्के नसते. मानव आणि उंदीर यांच्या संकर-पेशींतून विभाजनागणिक मानवी गुणसूत्रे गळत जातात, हे मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९६७ मध्ये दाखवले, आणि कोणते गुणसूत्र गेल्यावर कोणते विकर नाहीसे होते हे पाहून जनुकांचे ठिकाण ठरवण्याची वाट त्यातून निघाली.

‘संलयन’ हा पर्याय हिंदीत रुळलेला आहे. मराठीत मात्र ‘लय’ म्हटले की विलयाची, नाशाची छटा येते, म्हणून मी तो टाळीन. ‘संमीलन’ भौतिकशास्त्रातही चालते, त्यामुळे ‘केंद्रक-संमीलन’ लिहिताना ते अणूचे की पेशीचे हे स्पष्ट करावे.

आपल्या वाक्यात ‘संमीलन घडवून त्यातून निवडलेल्या संकर-पेशींपासून’ अशी दुरुस्ती पुरेशी आहे. यातला ‘निवडलेल्या’ गाळू नये. १९७५ मध्ये केंब्रिज येथे गेऑर्ग कोहलर आणि सेझार मिल्स्टीन यांनी हे तंत्र सिद्ध केले, त्याचे मर्मच निवडीत आहे : विशिष्ट पोषक माध्यमात न जुळलेल्या मायलोमा पेशी मरतात, प्लीहेच्या सुट्या पेशी तशाही फार दिवस तगत नाहीत, आणि उरतात त्या केवळ संकर-पेशी. त्यांचे ‘हायब्रिडोमा’ हे नाव तसेच ठेवावे. त्यातला ‘ओमा’ अर्बुदाचा निदर्शक आहे, आणि ‘संकरार्बुद’ म्हटले तर वाचकाला तो एखादा आजार वाटेल.