२२ डब्यांच्या स्वयंपाकघराला कोणता रंग परवडतो?

डोंबिवलीहून एका ताईंनी लिहिलं आहे: "घरातून रोज २२ डबे जातात. ९० रुपयांचा डबा, सगळा खर्च जाऊन दिवसाला ९०० सुटतात. इमारत १९९४ची. तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघराला डिस्टेंपर लावला. दोन वर्षांत शेगडीमागची भिंत पिवळी पडली, आता पुसायला गेलं की रंगच फडक्यावर येतो. रंगारी दोन आकडे सांगतो: डिस्टेंपरचे ६,०००, धुता येणाऱ्या सॅटिन इमल्शनचे ११,५००. मिस्टर म्हणतात, एकदाच उरकू, सगळं घर ९२,००० मध्ये, बारा बिनव्याजी हप्त्यांवर. माझ्याकडे रंगासाठी बाजूला काढलेले १८,००० आहेत. काय करू?"

ताई, ११,५००चा रंग लावा. पण फक्त स्वयंपाकघराला, आणि रोख पैसे देऊन.

तुम्ही ६,००० आणि ११,५०० यांची तुलना करताय, त्यात एक आकडा राहून गेलाय. रंगकाम चाललं की डबे बंद. डिस्टेंपरला तीन दिवस धरले तर २,७०० रुपये बुडाले, म्हणजे खरा खर्च ८,७००. तुमच्याच अनुभवाने तो दोन वर्षं चालतो, म्हणून वर्षाला ४,३५० पडले. इमल्शनला पुट्टी आणि प्रायमर वाळायला एक दिवस जास्त लागेल. चार दिवसांचे ३,६०० धरून १५,१०० होतात. तो साडेतीन वर्षं टिकला तरी डिस्टेंपरशी बरोबरी झाली. पाच वर्षं टिकला तर वर्षाला ३,०२० पडतात. नीट लावलेला चांगला इमल्शन स्वयंपाकघरात पाच वर्षं काढतो, हे मी माझ्या आईच्या ओट्यामागे बघितलंय.

तुमच्यासाठी ही भिंत धंद्याचं साधन आहे, मिक्सरसारखी. घरून डबे देणाऱ्यांनाही एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचे, २०११चे नियम लागू होतात. त्यातल्या शेड्यूल ४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की भिंती गुळगुळीत, सहज साफ करता येणाऱ्या हव्यात, रंगाचे पोपडे सुटलेले नकोत. फोडणी देताना वरून पोपडा पडणं तुम्हालाही नकोच असणार.

"वॉशेबल" या शब्दावर मात्र विसंबू नका. आपल्याकडे डिस्टेंपरच्या मानकाचं, आयएस ४२८चं, नावच "वॉशेबल डिस्टेंपर" आहे. फरक रंगाच्या डब्याच्या आत असतो. स्वस्त रंगात खडूसारखी भुकटी जास्त आणि ती धरून ठेवणारं रेझिन कमी. त्यामुळे थर सच्छिद्र राहतो, तेल आत मुरतं आणि फडक्याबरोबर भुकटी सुटते. सॅटिन किंवा सेमी ग्लॉसमध्ये रेझिन जास्त असतं, थर बंद होतो, तेल वरच राहतं. हळद मात्र कुठल्याही रंगाला चिकटते, ती त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसावी लागेल.

आता खरी काळजीची गोष्ट. उद्या सकाळी कोरडा तळवा भिंतीवरून फिरवा. पांढरी पूड लागली तर त्यावर कितीही भारी रंग लावा, तो जुन्या डिस्टेंपरसकट सुटणार. तेलकट थरावरही तसंच. माझ्या पहिल्या घरात मी रंगाऱ्याच्या घाईला मान दिला आणि भिंत न धुता रंग लावू दिला. पहिल्याच पावसाळ्यात ओट्याच्या वर हाताएवढे फुगे आले. तेव्हा रंगाऱ्याकडून कागदावर लिहून घ्या: धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा धुणं, जुना डिस्टेंपर खरवडणं, पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. यातलं काही ११,५०० मध्ये नसेल तर त्यासाठी दोन हजार वाढवून द्या, पण ते गाळू नका. बाहेरच्या पाइपची ओल आत येत असेल तर आधी ती दुरुस्ती, रंग नंतर.

इमारत १९९४ची, म्हणून आणखी एक. खाली जुना ऑइल पेंट निघाला तर कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. भिंत ओली करून घासायची, धान्याचे डबे आणि लेक दोघांना त्या दिवशी दुसऱ्या खोलीत ठेवायचं.

मिस्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, घर एकदाच उचकटलेलं बरं. पण ९२,००० भागिले बारा म्हणजे महिन्याला ७,६६७. घराचा हप्ता आणि लेकीची आरडी जाऊन तुमच्याकडे ८,००० उरतात असं पत्रात पुढे लिहिलंय. वर्षभर हातात महिन्याला तीनशे तेहेतीस रुपये. त्यात एक गॅसची शेगडी बिघडली तरी आरडी मोडावी लागेल. शिवाय "बिनव्याजी"त प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी येतो का, रोखीने घेतल्यास सूट किती, हे दोन प्रश्न विचारा. बहुतेक वेळा व्याज त्या न मिळालेल्या सवलतीत दडलेलं असतं. झोपायच्या खोलीची भिंत कोण घासतंय? तिथे पुढच्या वर्षी साधा इमल्शन चालेल.

१८,००० मधून रंगाचे ११,५०० आणि बंद दिवसांचे ३,६०० गेले की २,९०० उरतात. तयारीच्या कामाला वर दोन हजार लागले तर ते यातूनच द्या. नाही लागले तर शेगडीमागे, जिथे टाइल्स संपतात तिथून वर दीड-दोन फूट टाइल्सची एक पट्टी लावून घ्या. सगळ्यात जास्त शिंतोडे तिथेच उडतात. छतापर्यंत टाइल्स आत्ता नको.

रंगाचे डबे शक्यतो स्वतः दुकानातून आणा. बऱ्याच कंपन्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन, म्हणजे बक्षिसाचं कूपन, ठेवतात, ते त्यांना खुशाल द्या, पण सील तुमच्यासमोर फुटू दे आणि पाणी किती घातलं जातंय ते बघा. पाणी वाढलं की थर पातळ होतो. रंग लागल्यावर तीन-चार आठवडे भिंत घासायची नाही, नुसती हलक्या हाताने टिपायची.

हे सगळं मे महिन्यात करा. तुमची बरीच गिऱ्हाइकं तेव्हा गावी जातात, त्यामुळे २२ ऐवजी दहा-बारा डब्यांचंच नुकसान होईल आणि पावसाआधी भिंत पूर्ण वाळेल. उरलेल्यांना आठवडाभर आधी सांगून ठेवा.